पलवशा बसली तो दगड

पाहुणे, चहा हवा तितका घ्या, पण त्या दगडावर टेकू नका. आम्हा पश्तूनांच्या दोन कुळांत वैर पेटले, की जिरग्याचे, म्हणजे आमच्या पंचायतीचे, पंच मध्ये असा एक दगड ठेवतात. त्याला तीगा म्हणतात. तो आहे तोवर गोळी चालत नाही. वैर मिटले की तीगा उचलायचा, ही रीत. आमच्या तोरगट गावचा हा तीगा मात्र कधीच कुणी उचलला नाही, आणि त्याची हकीकत सांगताना या वयातही माझे डोके तापते.

फिरंगी जाऊन फार वर्षे झाली नव्हती, असे सांगतात. पाटाच्या पाण्यावरून भांडण झाले आणि शेरआलमने पलीकडच्या कुळातला तरणाताठा पोरगा गोळी घालून मारला. जिरगा बसला. दाढ्या कुरवाळत पंचांनी निवाडा दिला, की शेरआलमची धाकटी बहीण पलवशा मेलेल्याच्या घरी देऊन टाकावी, म्हणजे वैर मिटेल. पोरीचे दुधाचे दातही पुरते पडले नव्हते म्हणे! दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. आणि याला हे लोक इभ्रत म्हणत होते! वर दोन्ही कुळांच्या पुरुषांनी शपथ घेतली, की पोर त्या घरी पोचेपर्यंत तीगा जो हलवील, त्याचे घर जाळावे.

तिला घेऊन जायला माणसे आली, तेव्हा पलवशा मुकाट्याने घराबाहेर पडली आणि येऊन या दगडावर बसली, दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरून. झाले! तिला ओढावे तर तीगा हलणार, आणि तीगा हलला तर घर जळणार. खांद्याला बंदुका अडकवलेले गडी एकमेकांची तोंडे पाहत राहिले. गावचा मुख्य, मलिक, तिच्यावर खेकसला, तशी ती म्हणाली, "गोळी माझ्या भावानं झाडली. त्याला न्या की!" शेरआलम तिथेच उभा होता. त्याने मान वर केली नाही.

शेवटी मलिकाला अक्कल सुचली. शपथ घेतली होती पुरुषांनी. बायकांना विचारतो कोण? म्हणजे बाईने तीगा हलवला तर शपथ मोडत नाही. त्याने मेलेल्या पोराच्या आईलाच, गुलशेराला, बोलावणे धाडले. "बीबी, पोर तुमच्या घरची आहे, उतरवून घ्या."

गुलशेरा आली. तिने पोरीकडे पाहिले, डोक्यावरची चादर काढली आणि तिच्या अंगावर घातली. आमच्यात बाईने अशी चादर घातली, की आतला जीव तिच्या आसऱ्याला आला. वैरीही मग त्याला शिवत नाही. आणि भर जिरग्यात ती बोलली म्हणे, "माझा मुलगा मातीत गेला. ही पोर रोज माझ्या चुलीपुढे मारली, म्हणून तो उठणार आहे का? ज्यानं मारलं त्याला इथं बसवा. आणि आधी आपापल्या मुली द्या, मग मला इभ्रत शिकवा!"

शेरआलम अनवाणी पुढे आला, गुलशेराच्या पायाशी बसला आणि जन्मभर तिच्या शेतात राबला, असे सांगतात. पलवशा आपल्या आईकडे परतली. ती त्या घरी पोचलीच नाही, म्हणून शपथेप्रमाणे तीगाही कुणी उचलला नाही.

आजही तोरगटात खून झाला, तर या दगडावर खुन्यालाच बसावे लागते आणि जिरग्यात पहिला शब्द मेलेल्याच्या आईचा असतो. आणि आजही खालच्या खोऱ्यातले पंच इथे येतात, दगडाला हात लावून डोळ्यांना लावतात, पलवशाचे गुण गातात, माझा चहा पितात. गेल्या हिवाळ्यात असेच आले होते. इथून उठले आणि गावी जाऊन त्यांनी एक पोर देऊन टाकली. पुन्हा आले तेव्हा मी तिचे नाव विचारले. एकालाही ठाऊक नव्हते.