हाकेचा करार

मुलांनो, जिथे वाघाचे रान संपते आणि बिबट्याचे सुरू होते, तिथल्या ओढ्याकाठी एक भेकर आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. दोन बड्यांच्या मधोमध घर म्हणजे जिवाला घोर! घास तोंडात आणि नजर झुडपात, अशी त्याची गत. आधार एकच होता. रानातल्या दुबळ्या प्राण्यांनी मिळून हाकेचा करार केला होता. शिकारी ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचे, आणि ज्याला हाक ऐकू येईल त्याने ती पुढे पोहोचवायची. भेकराचा आवाज खणखणीत, म्हणून ओढ्याची हद्द त्याच्याकडे सोपवली होती.

एकदा वाघ गोड आवाजात म्हणाला, "शेजारधर्म पाळू या. मला पाहून तू ओरडू नकोस, मी तुझ्या पाडसाकडे पाहणार नाही." पाडसापायी भेकराने मान डोलावली. सुगावा लागताच बिबट्याही आला. त्यालाही भेकराने तेच वचन दिले. 'आपण ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात,' अशी ते स्वतःची समजूत घालू लागले, पण डोळ्याला डोळा काही लागेना. पुढे एका सकाळी वाघ त्याच्या देखत गवतात शिरला. भेकर गप्प राहिले, आणि पलीकडे चरणाऱ्या हरिणीचे पाडस गेले.

सभा भरली. हरिणीने विचारले, "हद्द तुझी. तुला वाघ दिसला नाही?"

"धुकं होतं," भेकर खाली मान घालून म्हणाले.

"ज्यानं हाक दिली नाही, त्याला कुणी हाक देऊ नये!" वानर कडाडले. त्यावर पुष्कळ गलका झाला, सर्वांनी हळहळ व्यक्त केली, काहीच ठरले नाही आणि सभा उठली. सभांचे हे असेच असते!

पुढे शिकार मिळेनाशी झाली. भुकेला वाघ वाऱ्याच्या उलट दिशेने, दबत दबत भेकराच्याच पाडसामागे आला. झाडावरच्या वानराने त्याला पाहिले, पण ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात टेकाडावरून हरिणीची हाक आली. भेकराने पाडसाला ढुशी देऊन काटेरी जाळीत लोटले आणि मागोमाग स्वतः घुसले.

"तुम्ही वचन दिलं होतं!" ते आतून ओरडले.

"तेव्हा माझं पोट भरलेलं होतं," वाघ म्हणाला आणि निघून गेला.

भेकर हरिणीकडे गेले आणि म्हणाले, "तू? माझ्या पाडसासाठी?"

"वाघ दिसला की ओरडायचं, असं आपलं ठरलं होतं," हरिणी म्हणाली. "माझं पाडस गेलं, त्या दिवशीही तेच ठरलेलं होतं."

संध्याकाळी बिबट्या ओढ्यावर पाण्याला आला, तेव्हा मात्र भेकर सारे रान दुमदुमेल एवढ्याने भुंकले.

तात्पर्य एवढेच : बलाढ्यांच्या गोटात न शिरणे हे शहाणपण खरे, पण शेजाऱ्यावर संकट येताना पाहूनही गप्प बसणाऱ्याने स्वतःला तटस्थ म्हणवून घेऊ नये.