बिनझडपेची मोरी

तळ्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, मध्यावर एक दगडी मोरी आहे. झडप बसवायच्या खाचा दोन्ही बाजूंना दिसतात, झडप मात्र नाही. तळं तिथवर चढलं की पाणी आपोआप खालच्या वस्तीकडे जातं.

तळं बघायला आलेल्या पाहुण्यांत अमेरिकेत कायदा शिकून आलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "तिकडे सर्वोच्च कोर्टानं एकदा सांगितलं की खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावंच लागतं."

तळं दाखवायला आलेल्या गावातल्या म्हाताऱ्या उरकुडाजींनी काठी आपटली. "पाळतात! कोणासाठी पाळतात, ते इचार ना पोरी!" आणि पाळीवरच बसकण मारून ते सांगू लागले.

पूर्वी म्हणे इथल्या झडपेची मालकी डोमाजी मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे होती. त्याच्या घरी फुकट राबेल त्यालाच पाणी. कौतिका नावाच्या बाईनं राबायला साफ नकार दिला. झालं! ऐन पोटरीत आलेल्या धानाचं पाणी त्यानं तोडलं, आणि वर सगळ्या वस्तीचंच तोडलं. कौतिका तडक गडावर गेली. तिथे पंच बसत. त्यांच्यावर कोणी नाही. पंचांनी निवाडा दिला, तळ्याखालच्या बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, पाणी अडवायचा हक्क कोणालाच नाही. वस्तीला वाटलं, सुटलो.

डोमाजीनं निवाडा कपाळाला लावला म्हणे. आणि केलं काय त्या हलकटानं? कौतिकाच्या बांधीपुरती बारीक चारी काढून दिली! शेजारच्या रेवतानं पाणी मागितलं, तर म्हणतो, "निवाडा कौतिकाचा आहे. तुले पाहिजे तर तुहा घेऊन ये." रेवताचं धान तोवर पिवळं पडायला लागलेलं.

कौतिकाच्या अंगाची लाहीलाही झाली. आपलं एकटीचं हिरवं शेत तिला बघवेना. ती पुन्हा गड चढली, तर दारावरच्या शिपायानं अडवलं. "तुझ्या बांधीत पाणी आहे ना? मग तुझं गाऱ्हाणं कसलं? ज्याला झळ नाही, त्याला पंचांपुढे उभं राहता येत नाही."

"असं काय!"

ती खाली उतरली, कुदळ घेतली आणि आपली चारी आपणच बुजवू लागली. घरात लेकरं होती, त्यांचा वर्षाचा दाणा त्या बांधीत होता. रेवतानं रडत तिचा हात धरला, "बाई, तुहं तरी वाचू दे."

"माह्यं एकटीचं वाचलं, म्हणून तर तुहं मेलं!"

धान वाळलं. ती वाळकी पेंढी तिनं पंचांसमोर फेकली. "आता लागली मले झळ. आता ऐका! पाणी अडवायचा हक्क कोणालेच नाही म्हणालात, ते कोणाकोणासाठी?"

थोरला पंच पुटपुटला, "सगळ्यांसाठी."

"मंग खाली येऊन सांगा!"

असं सांगतात की ती पुढे आणि पंच मागे, असे सगळे उतरले. डोमाजीच्या डोळ्यांदेखत झडप उपटून फोडली. रेवताचं निम्मं धान सावरलं. कौतिकाच्या बांधीत दाणा धरला नाही. तिची लेकरं त्या साली वस्तीनं जगवली.

"बोलले तेव्हाच 'सगळ्यांसाठी' म्हणाले असते तर जीभ झडली असती का रे त्यांची?" उरकुडाजींनी पुन्हा काठी आपटली. "बाईले आपलं शेत वाळवावं लागलं!"

आजही ग्रामसभेत कसलाही निर्णय वाचला की खालच्या वस्तीतली एखादी बाई उठून विचारते, "कोणाकोणासाठी?" 'सगळ्यांसाठी' असं ऐकल्याशिवाय कोणी सभेतून उठत नाही. गेल्या साली सरपंचानं उत्तर द्यायला टाळाटाळ केली. चुली थंड राहिल्या, गुरं दावणीला हंबरत राहिली, आणि सगळं गाव तिथंच बसून राहिलं.