तिसऱ्या सकाळचा पुकारा

फार पूर्वी, पाखरं आपला कारभार आपणच बघत, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यात पिल्लांना पोहायला शिकवणारा पांढरा हंस होता. सगळ्यांचा त्याच्यावर भारी विश्वास. एकदा फिलू बदकिणीचं पिल्लू त्याच्याकडून परतलं ते पिसं उपटलेल्या अंगानं. "त्यानंच केलं," एवढंच म्हणालं.

शिकवणारे नेमायचं काम थोरल्या हंसाकडे होतं, फिलूनं त्याला सांगितलं.

"बोभाटा नको गं बाय," थोरला म्हणाला. "त्याला पलीकडच्या तळ्यावर पाठवतो."

"तिथं काय दगड पोहतात? तिथंही पिल्लंच ना?"

थोरल्यानं मान पंखात घातली.

रीत अशी होती, की नवा शिकवणारा येण्याआधी त्या तळ्यावर तीन सकाळी पुकारा व्हायचा, कुणाची हरकत असेल तर बोला. पांढऱ्यासाठी पलीकडे पुकारा सुरू झाला, आणि दोन सकाळी कोणी बोललं नाही. तिसऱ्या सकाळी फिलू चालत तिथं पोचली आणि सगळ्यांसमोर घडलं ते बोलली.

"खोटं आहे!" पांढरा ओरडला.

तिथल्या म्हाताऱ्या पाणकोंबडीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला सोबत घेऊन आलेल्या थोरल्याला तिनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरला म्हणाला, "होतं."

काठावरच्या आयांनी हाका मारल्या. पिल्लं भराभर बाहेर आली, आणि तळ्यात ते दोघे हंसच उरले.