लोहार आणि खुडूक कोंबडी

एका गावात एक लोहार होता. हाताचा बळकट, मनाचा चांगला, पण स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्याच्या बायकोने एक तांबडी कोंबडी पाळली होती. कोंबडी कसली, जहांबाज बाईच ती! कुणी जवळ गेलं की चोच मारलीच म्हणून समजा. लोहारीण मात्र तिला लेकरासारखी उचलायची.

एकदा कोंबडी खुडूक बसली. लोहारणीने टोपल्यात भुसा घालून तिच्याखाली अंडी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "पिल्लं निघाली की अंगण कसं भरून जाईल बघा!" पण ते बघणं तिच्या नशिबात नव्हतं. तापाचं निमित्त झालं आणि बिचारी गेली.

घर लोहाराला खायला उठलं. तो त्या टोपल्यापाशीच बसून राहायचा. बायकोच्या हातचं तेवढंच आता जिवंत होतं.

एके दुपारी टोपल्याला लाल मुंग्या लागल्या. कोंबडीला हलवणं भाग होतं. लोहाराने हात घातला, तर तिने कचकन चोच मारली. बोटातून रक्त आलं.

शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, "आरं लेका, आत्ता नको! भवती राख पसर, मुंग्या थांबतील. दिवेलागणीला कोंबडीला दिसंनासं होतं, मग गरीब बनती ती. पोटाखालून हात घाल, पंख अंगाशी धर, हळू उचल. तुझी बायको तसंच करायची."

"मावशी, लोखंड तापलं की ठोकायचं असतं. सांजपतूर कोण थांबतंय?" असं म्हणत लोहाराने कोंबडीचा एक पाय धरला आणि ओढला.

कोंबडी किंचाळली, जिवाच्या आकांताने फडफडली. तिचा पाय मोडला, टोपलं उलटलं आणि सगळी अंडी दगडावर फुटली. आत पिल्लं होती, पूर्ण वाढलेली. आजउद्या बाहेर आली असती. कोंबडी कुंपणात पळाली. लोहाराने मुंग्या झटकून टोपलं सरळ ठेवलं.

दिवेलागणीला ती लंगडत परत आली आणि रिकाम्या टोपल्यात जाऊन बसली. लोहाराने पोटाखालून हात घातला, पंख अंगाशी धरले, हळूच उचललं. ती मुकाट्याने हातात आली. आता त्याला बरोबर जमलं होतं, पण तिच्याखाली ठेवायला काहीच उरलं नव्हतं. तिला छातीशी धरून तो हमसून हमसून रडला.

तात्पर्य: भ्यालेल्या जिवाला जोराने नव्हे, धीराने धरावं. घाईने मोडलेलं मागाहून आलेल्या शहाणपणाने जुळत नाही.