हेझलकॉटचे उलटे खिसे

सायकली त्या भिंतीला टेकवा, मंडळी, आणि जरा दम घ्या. घाई कसलीच नाही. माझ्याबरोबर सायकलवर निघालेला माणूस दिवसभरात दोन-चार गावं बघतो आणि निम्मा वेळ चहा पितो, हे मी सकाळीच सांगितलं होतं. मागच्या गावात गवताने शाकारलेल्या घरांचे आणि चर्चच्या मनोऱ्याचे फोटो तुम्ही पोटभर काढलेत. इथे आधी बघा, फोटो मग.

हे हेझलकॉटचं जुनं धान्याचं कोठार. मी नर्सच्या नोकरीसाठी देश सोडून या गावात आले आणि इथेच म्हातारी झाले, तेव्हापासून रोज बघते. जमिनीपासून कमरेएवढं वर, दगडी खांबांवर उभं आहे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पसरट गोल दगड, अगदी कुत्र्याच्या छत्रीसारखा. उंदीर खांब चढला तरी त्या छत्रीखाली अडकतो. आता जिना बघा. पायऱ्या दाराकडे जातात आणि दारापर्यंत न पोचताच संपतात. नाही हो आठल्येवहिनी, पायरी पडलेली नाही. ती कधी बांधलीच नव्हती. माणसाने ढांग टाकून आत जावं आणि उंदराने खालीच राहावं, म्हणून ही मोकळी जागा. या जागेत गावाची अब्रू पडली, असं इथली जुनी माणसं सांगतात.

किती वर्षं झाली ते कुणी नक्की सांगत नाही. राजा कोण होता यावर तर पबमध्ये अजून भांडणं होतात. पण कोठाराचा कारभारी अँब्रोज डॉबनी होता, याबद्दल दुमत नाही. गावाचं सगळं धान्य, पुढच्या पेरणीचं बियाणंसुद्धा, त्याच्या ताब्यात. माणूस सरळ होता म्हणे, पण आपण चुकू शकतो हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याचा एक गुडघा धरायचा. ढांग टाकताना कळ यायची, म्हणून त्याने पायरीपासून दारापर्यंत एक फळी टाकली. सुरुवातीला तो रोज संध्याकाळी ती काढून ठेवायचा. पुढे कंटाळा आला, आणि फळी तिथेच राहू लागली. पोती वाहणाऱ्यांनाही ती सोयीची झाली. उंदरांचं काय, हे विचारायला कुणी गेलं नाही.

त्या हिवाळ्यात धान्य कमी भरू लागलं.

कोठाराच्या मागे, त्या तिथे जिथे आता बाक आहे, हेस्टर पाइक नावाच्या विधवेची झोपडी होती. ती आणि तिची लेक टॅमसिन. जमीन नाही, गोतावळा नाही. कापणी झाली की शेतात पडलेली कणसं वेचायची, आपल्याकडे त्याला सरवा म्हणतात, आणि त्यावर वर्ष काढायचं. सरव्याचा तो हक्क गावाने दिला तर मिळायचा, नाहीतर उपास. त्या वर्षी पाऊस लांबल्याने सरवा जेमतेम मिळाला होता. तरीही हेस्टरच्या धुराड्यातून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धूर निघायचा. हिच्या घरात शिजवायला एवढं येतं कुठून, अशी कुजबुज सुरू झाली. कुणी मुद्दाम पाप करायला निघालं नव्हतं. रोज थोडं थोडं बोललं गेलं, एवढंच.

एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर अँब्रोजने तिला या पायऱ्यांपाशी उभं केलं. गाव भोवती. तेव्हाच्या बायका घागऱ्याच्या आत कमरेला कापडी खिसा बांधत, आपल्या चंचीसारखा. तो बाहेर काढून उलटा करायला त्याने सांगितलं. तिने लेकीकडे पाहिलं, आणि खिसा उलटा केला. एकही दाणा पडला नाही. पडली ती ओकच्या झाडाची फळं. डुकरांना घालतात ती. फार कडू असतात, पुन्हा पुन्हा पाणी बदलून दिवसभर उकळावी लागतात, तेव्हा कुठे त्यांची भाकरी होते. धूर कसला होता ते सगळ्यांना त्या क्षणी कळलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण चारचौघांत शब्द मागे घेणं अँब्रोजला जमलं नाही. "चोरी लपवायला कुणी काहीही खिशात ठेवील," असं तो म्हणाला, आणि तिचा सरवा बंद केला. गर्दीत कुणीतरी हसलं, असंही सांगतात. कोण हसलं ते मात्र कुठलंच घराणं सांगत नाही. हेस्टर लेकीला घेऊन ओढ्यापलीकडच्या गावी गेली आणि लोकांचे कपडे धुऊ लागली.

ती गेली, धान्य कमी होतच राहिलं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी उघडली तर आत उंदरांची बिळं, पिल्लं आणि भुस्सा. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत लेंड्यांनी भरलेली होती. अँब्रोजने ती स्वतः उचलून फेकली, आणि तो दुखरा गुडघा ओढत ओढ्यापलीकडे गेला. हेस्टर परसात कपडे पिळत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "हेस्टर, चूक माझी होती. मला माफ कर."

हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "अहो कारभारी, माझा खिसा भर गावात उलटा केलात, आणि माफी इथे परसात मागताय होय?"

पुढच्या रविवारी त्याने गाव गोळा केलं. हेस्टरलाही बोलावणं धाडलं. ती आली आणि टॅमसिनचा हात धरून बाजूला उभी राहिली. अँब्रोज पायरीवर चढला, फळीची गोष्ट त्याने सगळ्यांसमोर सांगितली, आणि आपल्या कोटाचे दोन्ही खिसे उलटे केले.

खिशांतून गहू पडले.

त्याने चोरले नव्हते. रोज कोठारात वावरणाऱ्याच्या खिशाच्या शिवणीत दाणे अडकायचेच. पण एक दाणा सापडावा म्हणून त्याने त्या बाईला उघड्यावर उभं केलं होतं, आणि त्याच्या पायाशी मूठभर पडले. मग चक्कीवाला पुढे आला. त्याच्याही खिशातून पडले. मग पाद्री, मग बायका. बहुतेकांकडे कोट एकच, शेतावरचाही तोच आणि चर्चमधलाही तोच. प्रत्येक खिशातून गहू पडले. अख्ख्या हेझलकॉटमध्ये गव्हाचा दाणा नसलेला खिसा एकच निघाला होता, आणि तो हेस्टरचा होता.

मी या गावची नाही, तरी इथवर आलं की मला मान वर करवत नाही.

खिसे तसेच बाहेर लोंबत ठेवून सगळे तिच्याकडे बघत राहिले. अँब्रोजने विचारलं, "हेस्टर, आता आत घालू?" माफ केलंस का, हे विचारायचा त्याला धीर झाला नसावा. हेस्टरने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग लेकीला घेऊन ओढ्याच्या वाटेने निघून गेली, ती पुन्हा हेझलकॉटमध्ये आली नाही. तिने सांगितल्याशिवाय खिसे आत कसे घालायचे ते कुणालाच समजेना. गाव तसंच घरी गेलं.

आजही पेरणीआधीच्या रविवारी गाव इथे जमतं. कोठारात आता धान्य नसतं, आणि शेती करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. शाळामास्तर, डॉक्टर, पबवाला, मीसुद्धा, सगळे आपापले खिसे उलटे करतो. किल्ल्या पडतात, गोळ्यांची पाकिटं पडतात, चुरगळलेले रुमाल पडतात. परगावचे लोक फोटो काढतात आणि हसतात, त्यांना कुणी रागावत नाही. मग गावातला सर्वांत वयस्कर माणूस ओढ्याच्या वाटेकडे तोंड करतो आणि मोठ्याने विचारतो, "हेस्टर, आता आत घालू?"

आम्ही वाट बघतो. उत्तर येत नाही. मग खिसे तसेच बाहेर ठेवून आम्ही घरी जातो.