पालथे टॅब

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब मुलांसमोर भाषण करायला वर्गात शिरले आणि त्यांचा चेहरा पाहूनच पारगेबाईंनी ओळखलं, आज आपली खैर नाही. भाऊसाहेबांनीच शाळेला दिलेले टॅब मुलांनी बाकांवर पालथे घातले होते.

"मी बोलायला लागले की टॅब पालथे, असा नियम आहे," बाई म्हणाल्या.

"असले नियम दुसऱ्या शाळेत जाऊन करा! इथे टॅब सतत चालू दिसले पाहिजेत."

बाई मुलांकडे वळल्या. म्हणाल्या, "साहेबांच्या भाषणातही चालूच ठेवा हं."

भाऊसाहेब बोलू लागले. एकही मान वर होईना. त्यांचा ठेवणीतला विनोदही वाया गेला.

"अरे, माणूस बोलतोय इथे! पालथे घाला ते!"

बाईंनी हळूच विचारलं, "साहेब, हा नियम आता माझा म्हणायचा की तुमचा?"

तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो न घेताच टेबलावर पालथा ठेवला.