शिकवून न येणारं गणित

गणितात सुवर्णपदक मिळवलेले पाटणकर सर वर्गात नेहमी सांगत, "गणित जन्मजात असतं. ज्याला नाही, त्याला शिकवूनही येत नाही." सातवीतली वनिता गावित सहामाहीत नापास झाली, तेव्हा त्यांनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वनिताने चुकलेलं एकेक उदाहरण परत परत सोडवलं. अडलं की ती आत्याला विचारायची. वार्षिक परीक्षेत ती गणितात वर्गात दुसरी आली.

सरांनी तिला मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभं केलं. "हिने कॉपी केली आहे. साधे अपूर्णांक न जमणारी मुलगी अशी एकाएकी हुशार होत नाही."

बाईंनी तिला फळ्यावर एक अवघड उदाहरण घातलं. वनिता आधी चुकली. तिने ते पुसलं, नव्याने मांडलं आणि बरोबर उत्तर काढलं.

"पाहिलंत? चुकलीच," सर म्हणाले. "गणित शिकवून येत नाही, हे मी वीस वर्षं सांगतोय."

वनिताने खडू खाली ठेवला. "सर, शिकवून येतच नसेल, तर वीस वर्षं तुम्ही वर्गात काय करत होतात?"

बाईंनी निकालावर सही केली.

माफी मात्र कोणीच मागितली नाही. आठवीलाही गणिताला पाटणकर सरच आले. वनिताने शंका विचारायला हात वर केला की ते खिडकीबाहेर बघत. थोड्या वेळाने ती हात खाली घेई आणि उदाहरण पहिल्यापासून मांडायला लागे.